मराठी जड नाही, बस भरलेली आहे

आपल्या फायनल इयर प्रोजेक्ट्सच्या प्रदर्शनात एक फेरी मारा आणि फक्त डिस्प्ले बघत चला. ठिबकचा कंट्रोलर, दुधाचं फॅट मोजणारं यंत्र, पंपाचा स्टार्टर, धान्यातला ओलावा सांगणारं मीटर. सगळं शेतकऱ्यासाठी! रिपोर्टच्या पहिल्या पानावर 'ग्रामीण विकास' हे शब्द हमखास. आणि डिस्प्लेवर? सगळं इंग्रजी. का, असं विचारलं की तीन उत्तरं मिळतात. पहिलं, "मराठीला मेमरी पुरत नाही." दुसरं, "मराठी घेतली की स्क्रीन स्लो होते, फ्लिकर मारते." आणि तिसरं, जरा अनुभवी आवाजात, "मराठीच पाहिजे तर रास्पबेरी पाय घ्या, ते मायक्रोकंट्रोलरचं काम नाही."

या तिन्ही उत्तरांशी माझं भांडण आहे. स्क्रीन संथ होते हे खोटं नाही, ती होतेच. पण त्याचा दोष आपण भाषेवर ढकलतो. खरं कारण असं की प्रोसेसर, डिस्प्ले आणि डीएमए हे तिघं एकाच मेमरीच्या दारात एकाच वेळी येतात, आणि कोणी आधी जायचं हे आपण ठरवलेलंच नसतं. मेमरीकडे जाणाऱ्या त्या रस्त्याला बस म्हणतात. (आपला लाल डबा नव्हे. पण गर्दीचं म्हणाल तर दोन्हीकडे सारखंच!)

आधी हा प्रश्न कोणाचा आहे ते सांगते. हिंगोली जिल्ह्यातलं कयाधूकाठचं नरसी नामदेव हे माझं आजोळ. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं. तिथे वारकरी येतात तसे शीख भाविकही येतात, कारण नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. बाकी गाव शेतीचं. सोयाबीन, तूर, हळद. सोयाबीन निघालं की हिंगोलीच्या मोंढ्यात न्यायचं. तिथे ढिगातून मूठभर नमुना घेतात, मीटरमध्ये टाकतात आणि छोट्याशा पडद्यावर एक आकडा येतो. हमीभावाच्या सरकारी खरेदीत सोयाबीनसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत वाढवली. त्या वर्षीचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. म्हणजे तो आकडा मर्यादेच्या अलीकडे आला की माल घेतला जातो आणि पलीकडे गेला की वाळवायला परत, नाहीतर मिळेल त्या भावात विका.

आता तुम्ही म्हणाल, आकडा तर सगळ्यांना वाचता येतो. बरोबर. पण मीटर नुसता आकडा दाखवत नाही. कोणतं पीक निवडलंय, नमुना कमी पडला का, तापमानाची दुरुस्ती लागली का, बॅटरी उतरली का, हेही ते सांगतं. प्रत्येक पिकाचं कॅलिब्रेशन वेगळं असतं. सोयाबीन टाकलं आणि मीटर तुरीवर लावलेलं असलं तर आकडा येतो, पण चुकीचा येतो. आणि हे सगळं लिहिलेलं असतं इंग्रजी संक्षेपात, चार-चार अक्षरांत. एकदा पडद्यावर काहीतरी उमटलं तेव्हा मामा मला म्हणाले, "काय म्हनतंय गं ते?" माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून मला ते वाचता आलं. माल त्यांचा, पैसा त्यांचा, आणि वाचणारी मी. ही काही बरी व्यवस्था नाही.

नामदेवांचे शब्द पंजाबात गेले तेव्हा ते गुरुमुखी लिपीत लिहिले गेले. १६०४ मध्ये आदि ग्रंथ सिद्ध झाला, त्यात ते त्याच लिपीत आहेत. वाचणाऱ्याच्या लिपीत शब्द नेऊन देणं हे तेव्हा कोणाला जड वाटलं नाही. आज नरसीच्या शेतकऱ्याला त्याच्या लिपीत 'नमुना कमी' एवढं सांगायला आपल्या हातात मिनिटाला कोट्यवधी हिशोब करणारी चिप आहे, आणि आपण म्हणतो, जमत नाही.

असो. आता एकेका उत्तराकडे वळू.

पहिलं उत्तर मेमरीचं. ते आलं कुठून हे मला माहीत आहे. आपण सेकंड इयरपासून ज्या १६ बाय २ एलसीडीवर हात साफ करतो, तिच्या पोटात हिताचीचा एचडी४४७८० हा कंट्रोलर किंवा त्याची नक्कल असते. त्यात अक्षरांचे आकार आधीच कोरलेले. इंग्रजी आहेत, आणि गंमत म्हणजे जपानी काताकाना अक्षरंही आहेत, कारण बनवणारी कंपनी जपानी! आपल्यासाठी मोकळी जागा फक्त ६४ बाइटची, म्हणजे ५ बाय ८ ठिपक्यांची ८ अक्षरं. त्यात 'आर्द्रता' बसवून दाखवा. नाही बसत. तेव्हा त्या डिस्प्लेपुरतं पहिलं उत्तर खरं आहे.

पण त्या एलसीडीने आपल्याला एक वाईट सवयही लावली. तिला स्वतःची ८० बाइटची मेमरी असते. आपण 'ए' पाठवला की विसरून जायचं. तो पुन्हा पुन्हा पडद्यावर उमटवत राहण्याचं काम ती एकटी करते, आपल्या ८०५१ ला त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळे डिस्प्ले हा आपल्या मेमरीतून सतत काहीतरी खाणारा प्राणी आहे, हे चार वर्षांत आपल्याला दिसतच नाही. तो दिसतो ग्राफिक स्क्रीन घेतल्यावर, आणि तेव्हा आपण घाबरून मराठीवर खापर फोडतो.

ग्राफिक स्क्रीनवर अक्षर म्हणजे ठिपक्यांचं चित्र. जरा हिशोब करू. एक अक्षर २४ बाय ३२ ठिपक्यांचं, एका ठिपक्याला एक बिट, म्हणजे एका अक्षराला ९६ बाइट. इंग्रजीची छापता येणारी चिन्हं ९५, म्हणजे साधारण ९ किलोबाइट. देवनागरीत मात्र युनिकोडच्या तक्त्यातल्या १२८ जागांवर भागत नाही, जोडाक्षरं आणि मात्रांचे वेगवेगळे आकार लागतात. समजा असे ६०० आकार धरले. झाले सुमारे ५८ किलोबाइट. एसटीएम३२एफ४२९ या चिपच्या मोठ्या आवृत्तीत फ्लॅश मेमरी २ मेगाबाइट आहे. तिच्या तीन टक्क्यांत सगळी बाराखडी, जोडाक्षरांसकट! मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' हा फॉन्ट खुल्या परवान्यावर फुकट मिळतो, त्यातून हे आकार काढून घेता येतात. तेव्हा पहिलं उत्तर ग्राफिक स्क्रीनपाशी निकालात निघालं.

आता दुसरं, खरं अवघड उत्तर. "स्क्रीन स्लो होते."

७ इंची, ८०० बाय ४८० पिक्सेलचा पडदा घ्या. एकूण ३,८४,००० पिक्सेल. प्रत्येकाला १६ बिट रंग, म्हणजे एका चित्राला ७,६८,००० बाइट. या पडद्याला स्वतःची मेमरी नसते. त्याला सेकंदाला ६० वेळा ते संपूर्ण चित्र नव्याने द्यावं लागतं. गुणाकार करा: सेकंदाला ४ कोटी ६० लाख ८० हजार बाइट, म्हणजे ४६ मेगाबाइट. पडद्यावर काहीही बदललं नाही तरी! तुम्ही चहा प्यायला गेलात तरी तो ४६ मेगाबाइट वाचतच राहतो.

एफ४२९ च्या पोटातली रॅम २५६ किलोबाइट. त्यात ७६८ किलोबाइटचं चित्र मावत नाही. म्हणून बाहेर एसडीरॅम जोडायची. तिचा रस्ता १६ बिट रुंद आणि घड्याळ ९० मेगाहर्ट्झ. कागदावर क्षमता झाली सेकंदाला १८० मेगाबाइट. वाटतं, चिक्कार आहे. ४६ गेले तरी १३४ उरले. इथेच आपण हिशोब थांबवतो आणि फसतो.

कारण चित्र नुसतं वाचून चालत नाही, ते काढावंही लागतं. समजा प्रोग्रॅम असा लिहिलाय की नवं चित्र एका कोपऱ्यात तयार करायचं आणि मग ते पडद्याच्या चित्रावर कॉपी करायचं, दर फ्रेमला. कॉपी म्हणजे एकदा वाचणं आणि एकदा लिहिणं. ४६ अधिक ४६, म्हणजे ९२. आधीचे ४६ धरून १३८. अक्षरांच्या कडा मऊ दिसाव्यात म्हणून मागचा रंग मिसळायचा, तर आणखी एक वाचन. आणि प्रोसेसरचे स्वतःचे व्हेरिएबल्सही त्याच एसडीरॅममध्ये ठेवले असतील तर तोही तिथेच रांगेत.

बरं, ते १८० कागदावरचेच. आपल्याकडे कालव्याचं पाणी शेजपाळीने मिळतं: कोणी, कधी, किती तास घ्यायचं हे आधी ठरलेलं. शेतकऱ्याला विचारा, पाणी एका शेतातून दुसऱ्या शेताकडे वळवलं की लगेच पिकाला पोचतं का? नाही. आधी कोरडी चारी पाणी पिते. दर दहा मिनिटांनी पाणी इकडून तिकडे वळवत बसलात तर अर्धं चारीतच मुरेल. एसडीरॅमचं अगदी असंच आहे. तिच्यात ओळी असतात. चालू ओळीतलं सलग वाचलं तर पटापट मिळतं. दुसऱ्या ओळीवर जायचं तर आधीची बंद करायची आणि नवी उघडायची, त्यात काही घड्याळठोके फुकट जातात. डिस्प्ले एका ओळीतलं वाचतोय, प्रोसेसर मध्येच दुसऱ्या ओळीत चार बाइट लिहितोय, पुन्हा डिस्प्ले पहिल्या ओळीवर. प्रत्येक वळणावर पाणी मुरतं. १८० चे १८० कधीच हाती लागत नाहीत.

आणि डिस्प्लेला थांबायला सांगता येत नाही. प्रोसेसरला उशीर झाला तर काम थोडं उशिरा होतं. डिस्प्लेला उशीर झाला तर त्या क्षणी पडद्यावर टाकायला पिक्सेलच नसतो. त्याच्यापाशी एक छोटा हौद असतो, त्याला फिफो म्हणतात. एफ४२९ मध्ये प्रत्येक लेयरला ३२ बिटांचे ६४ शब्द, म्हणजे २५६ बाइट, म्हणजे आपले १२८ पिक्सेल. या पडद्याचं पिक्सेल-घड्याळ साधारण ३३ मेगाहर्ट्झ धरलं तर हा हौद सुमारे ४ मायक्रोसेकंदांत रिकामा होतो. तेवढ्या वेळात मेमरीकडून पुढचं पाणी आलं नाही की हौद कोरडा. पडदा थरथरतो, चित्र बाजूला सरकतं. चिप बिचारी 'अंडररन' असा एरर फ्लॅग वर करून सांगतेही. पण तो फ्लॅग वाचतं कोण? आपण वायर हलवून बघतो, पॉवर सप्लाय बदलून बघतो, आणि शेवटी म्हणतो, "मराठी फॉन्ट काढून बघ रे."

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. मराठी फॉन्ट काढला की बऱ्याचदा खरंच बरं वाटतं! तिथूनच हा समज घट्ट होतो. असं का होतं? इंग्रजीचं प्रत्येक अक्षर आपापल्या चौकटीत राहतं. ३ चा ४ झाला की तेवढी चौकट पुसायची आणि नवं अक्षर ठेवायचं. मराठीत वेलांटी मागच्या अक्षराच्या डोक्यावरून येते, रफार वर बसतो, उकार खाली लोंबतो, शिरोरेषा सगळ्यांना एकत्र बांधते. एकच अक्षर पुसायला गेलं की शेजारच्याचा कान तुटतो. मग सोपी युक्ती काय? सगळी स्क्रीन पुसा आणि सगळं पुन्हा काढा. इथे घोटाळा आहे. 'ओलावा' हा शब्द समजा १२० बाय ४० पिक्सेलच्या चौकोनात बसतो. १६ बिट रंगात ९,६०० बाइट. आणि सगळी स्क्रीन ७,६८,००० बाइट. बरोबर ८० पट! एका शब्दासाठी आपण बसवर ८० पट ओझं टाकलं. हा निर्णय रफाराने घेतलेला नाही, आपण घेतलेला आहे. आणि पडद्याला पिक्सेल पुरवणाऱ्या हार्डवेअरला तर 'अ' आणि 'ए' यातला फरकही कळत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्हीही १६ बिटांचे आकडेच.

उपाय त्याच हिशोबात दडलेला आहे. अक्षराऐवजी शब्द हा घटक धरायचा. अख्खा शब्द आतल्या रॅममध्ये जुळवायचा, तिथे कितीही वेलांट्या एकमेकींत गुंतू देत, आणि तयार झालेला ९,६०० बाइटचा चौकोन एकदाच बाहेर पाठवायचा. चिपच्या आत एकच रस्ता नसतो, रस्त्यांचं जाळं असतं. वेगळ्या मेमरीकडे निघालेले दोघं एकाच वेळी जाऊ शकतात, एकाच मेमरीकडे निघालेले मात्र रांगेत उभे राहतात. एफ४२९ च्या २५६ पैकी ६४ किलोबाइट रॅम अशी आहे की तिथे फक्त प्रोसेसर पोचतो, डीएमए पोचतच नाही. स्टॅक आणि नेहमीचे व्हेरिएबल्स तिथे ठेवले की प्रोसेसर गर्दीतून बाजूला झाला. मोठी स्क्रीन खरोखरच पूर्ण बदलायची असेल तर दोन चित्रं एसडीरॅमच्या दोन वेगळ्या बँकांत ठेवायची, म्हणजे एक वाचताना दुसऱ्याची ओळ बंद करावी लागत नाही. आणि कॉपी करण्याऐवजी, दोन फ्रेमच्या मधल्या क्षणी, डिस्प्लेला फक्त पत्ता बदलून द्यायचा. ९२ मेगाबाइटची कॉपी एका रजिस्टरच्या बदलावर आली. हीच शेजपाळी.

यात नवं काहीच नाही बरं का. ८०८५ चे होल्ड आणि एचएलडीए हे पाय आपण व्हायव्हासाठी पाठ करतो, ८२५७ डीएमए कंट्रोलर काढून दाखवतो, 'सायकल स्टीलिंग'ची व्याख्या दोन मार्कांना लिहितो. तो हाच विषय आहे! फक्त पाठांतरात तो इतिहासाच्या सनावळीसारखा राहतो आणि प्रोजेक्टमध्ये समोर आला की ओळखू येत नाही.

आणि ज्यांच्याकडे आपल्या हजारातला एक हिस्सा साधनं होती त्यांनी काय केलं ते बघा. १९७७ चा ॲपल टू. त्याचा ६५०२ प्रोसेसर घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याच्या अर्ध्याच भागात मेमरी वापरतो, हे स्टीव्ह वॉझनियॅकने हेरलं आणि उरलेला अर्धा भाग पडद्याला देऊन टाकला. दोघांची कधी गाठच पडत नाही. १९८१ च्या बीबीसी मायक्रोमध्ये मेमरी सेकंदाला ४० लाख वेळा वाचता येईल अशी निवडली, २० लाख पाळ्या प्रोसेसरला आणि २० लाख पडद्याला. आपल्या देशात १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू झाला, त्यात हेच बीबीसी मायक्रो आले होते. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रमला हे जमलं नाही. त्यात पडदा आणि झेड८० दोघं खालच्या १६ किलोबाइटसाठी भांडायचे आणि झेड८० ला थांबावं लागायचं. मग प्रोग्रॅमर लोकांनी घाईचा कोड वरच्या ३२ किलोबाइटमध्ये हलवला, जिथे पडदा येत नाही. एफ४२९ मधल्या ६४ किलोबाइटचं तत्त्व तेच, चाळीस वर्षांचं जुनं.

आपल्या भाषांचंही उदाहरण आहे, आणि तेही पुण्याचं. आयआयटी कानपूरमध्ये सुरुवात झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. डॉसच्या काळात पीसीमध्ये जिस्टचं वेगळं कार्ड बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येसुद्धा देवनागरी दिसायची. त्या काळच्या पीसीची ताकद आजच्या पाचशे रुपयांच्या बोर्डापेक्षाही कमी. त्यांनी "पीसीला मराठी झेपत नाही" असं म्हणून हात झटकले नाहीत. अक्षरं काढण्याचं काम कोणाकडे द्यायचं हा प्रश्न विचारला आणि ते वेगळ्या कार्डाकडे दिलं.

आजच्या चिपांमध्येही गर्दी संपलेली नाही. सध्या प्रोजेक्ट्समध्ये सगळ्यांचा लाडका ईएसपी३२-एस३ घ्या. दोन कोर, २४० मेगाहर्ट्झ, स्वस्त, वायफायसकट. मोठ्या पडद्याचं चित्र त्याच्या बाहेरच्या पीएसरॅममध्ये ठेवावं लागतं आणि ती बाकीच्या कामांशी वाटून घ्यावी लागते. पडद्याला वेळेवर डेटा मिळाला नाही तर चित्र सरकतं, हे बनवणाऱ्या कंपनीच्याच कागदपत्रांत लिहिलेलं आहे आणि उपायही दिलेला आहे: आतल्या रॅममध्ये छोटा बफर ठेवा, पडद्याला त्यातून पाजा. पुन्हा हौदच! २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिकोतल्या आरपी२०४० ची २६४ किलोबाइट रॅम तर मुद्दाम सहा बँकांत विभागलेली आहे, आणि बसवर कोणाला प्राधान्य द्यायचं यासाठी वेगळं रजिस्टर आहे. चिप बनवणाऱ्यांना हा प्रश्न नीट माहीत आहे. आपणच मेगाहर्ट्झचा आकडा बघून चिप विकत घेतो.

आता तिसरं उत्तर, "रास्पबेरी पाय घ्या." मामांच्या मीटरपुरतं बोलू. त्याला व्हिडिओ दाखवायचा नाही. चार ओळी, एखादा आकडा, तोही सेकंदाला एकदा बदलणारा. त्याला ७ इंची पडदा कशाला? आयएलआय९३४१ कंट्रोलर असलेला ३२० बाय २४० चा छोटा पडदा पुरे. त्याला चित्र ठेवायला स्वतःची मेमरी असते, म्हणजे सेकंदाला ६० वेळा पाजायची भानगडच नाही. चिप साधी एसटीएम३२एफ१०३, लॅबमधली आपली 'ब्लू पिल'. ६४ किलोबाइट फ्लॅश, २० किलोबाइट रॅम. सहाशे आकारांची देवनागरी त्यात मावणार नाही, पण मीटरला सगळी मराठी भाषा लागतेच कुठे! 'ओलावा', 'तापमान', 'सोयाबीन', 'तूर', 'हळद', 'नमुना कमी', 'पुन्हा मोजा', असे चाळीस शब्द धरा. प्रत्येक शब्दाचं १२० बाय ४० चं काळं-पांढरं चित्र पीसीवरच तयार करून ठेवायचं. ६०० बाइट एकाचे, चाळीसांचे २४,०००. जोडाक्षरं जुळवण्याचं सगळं काम पीसीवर आधीच झालेलं, चिपने फक्त चित्र उचलायचं. ९ मेगाहर्ट्झच्या एसपीआयवरून एक शब्द रंगीत करून पाठवायला साडेआठ मिलिसेकंद लागतात. डोळ्याला कळतही नाही. याच पडद्यावर दर वेळी सगळी स्क्रीन पुसून काढली तर १३६ मिलिसेकंद, आणि तो फ्लिकर मात्र पलीकडच्या बाकावरूनही दिसेल. चिप तीच, पडदा तोच, भाषा तीच. बदलला फक्त हिशोब.

काही जण म्हणतील, कंपन्या इंग्रजीच विकतात, शेतकऱ्याला सवय झालीय, कशाला एवढा खटाटोप? सवय झालीय हे खरं. पण ज्याला यंत्र काय म्हणतं ते कळत नाही, त्याला यंत्र चालवणाऱ्यावर विश्वास ठेवण्यावाचून पर्याय नसतो. मीटर तुरीवर लावून सोयाबीन मोजलं तर तो हरकत घेणार कशी? पडद्यावर ठळक 'तूर' दिसलं तर तो तिथल्या तिथे म्हणेल, "थांबा भाऊ, माझं सोयाबीन आहे." हा मराठीच्या अभिमानाचा मुद्दा म्हणून मी मांडत नाही. मोजमाप होताना मालाच्या मालकाला ते वाचता आलं पाहिजे, एवढाच मुद्दा आहे.

म्हणून सर-मॅडमना एक विनंती आणि मित्रांना एक आग्रह. प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ब्लॉक डायग्रामनंतर एक पान 'बसचा हिशोब' म्हणून सक्तीचं करा. त्यात चारच ओळी: पडदा सेकंदाला किती बाइट खातो, चित्र काढायला किती बाइट लागतात, मेमरी किती देऊ शकते, आणि एकाच मेमरीवर कोण कोण अवलंबून आहे. कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांचं काम आहे. व्हायव्हात होल्ड आणि एचएलडीएची व्याख्या विचारण्याऐवजी विचारा, "तुझ्या प्रोजेक्टमध्ये बस कोणाकोणात वाटलेली आहे?" आणि लॅबमध्ये एक प्रॅक्टिकल असं ठेवा की पडदा मुद्दाम थरथरवायचा, अंडररनचा फ्लॅग वाचायचा आणि मग शेजपाळी लावून तो शांत करायचा. ज्याने एकदा हे हाताने केलं, तो पुन्हा कधी फॉन्टला दोष देणार नाही.

आणि ज्यांचं प्रोजेक्ट शेतकऱ्यासाठी आहे, त्यांनी डिस्प्लेवरचे शब्द आधी मराठीत लिहून काढावेत, मग चिप निवडावी. चाळीस शब्द. चोवीस हजार बाइट. एवढं ओझं उचलण्याची ताकद आपल्या ड्रॉवरमधल्या सगळ्यात स्वस्त बोर्डातसुद्धा आहे.